मदत हवी आहे: मरीन टँकचं मिठाचं पाणी कालवायला टिपाड, अन् तळाला पांढरा थर

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहायलोय. हसू नका, समुद्र इथून कुठल्या कुठं पण दीड वर्षापासून घरात मरीन टँक (समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी) आहे, तीन फुटी, दोन क्लाऊनफिश अन् थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ). दर रविवारी 20 लिटरच्या बादलीत टँकसाठी मिळणारं समुद्री मीठ कालवून पाणी बदलतो. आता एकदाच 80-100 लिटर करून ठेवावं म्हणतोय, कारण नळाला पाणी आठ-दहा दिवसाला येतं अन् बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 1100 च्या वर. आरओच्या पुढं डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे) जोडलंय, टीडीएस मीटरवर शून्य येतंय, पण एक बादली चांगली निघाली की तीन बादल्या वाया, त्या पाण्यानं आई अंगण धुते तरी बोलणी बसतातच. 2016 ला आपल्याला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं अन् तू माशाला पाणी गाळत बसतोस, म्हणते. काय बोलणार.

अडचण अशी, बादलीत आधी मीठ टाकतो, मग वरून आरओचं पाणी ओततो, कुलरची मोटर सोडतो अन् दोन-तीन दिवस तशीच चालू ठेवतो, चांगलं विरघळावं म्हणून. तरी पाणी दुधासारखं राहतंय, तळाला अन् कडंला पांढरा खरखरीत थर बसतोय. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं मीटर) 1.025 बरोबर येतं पण अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) दरवेळी कमी. मिठाचंच पोतं खराब निघालं का?

दुसरं, भंगारवाल्याकडून निळं प्लास्टिकचं टिपाड आणलंय, अजून वापरलं नाही. वास येत नाही, दोनदा धुतलं. गच्चीवरच्या खोलीत ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद 1
दादा, मीठ खराब नाही, क्रम उलटा आहे. आधी सगळं पाणी भरायचं, मोटर चालू करायची, मग मूठ-मूठ मीठ सोडायचं. मिठावर पाणी ओतलं की खाली इतकं दाट पाणी होतं की कॅल्शियम अन् कार्बोनेट तिथंच धरून पांढरं होऊन बसतं, तुमची अल्कलिनिटी त्या थरातच गेली. एकदा बसलेलं परत विरघळत नाही, ते पाणी टँकला देऊ नका. बादली व्हिनेगरनं धुवा, थर निघतो. अन् दोन-तीन दिवस मोटर कशाला? काही तासांत पाणी काचेसारखं झालं, मीटर बघितलं, झालं. मोटरनं पाणी तापतं अन् तापलं की थर जास्तच बसतो, म्हणून गच्चीवरची खोली तर मे महिन्यात अजिबात नको. खाली सावलीत ठेवा, झाकण लावून. मीठ लिटरला 35-38 ग्रॅमच्या आसपास लागतं, पण मोजून थांबू नका, मीटरवर बघून थांबा. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य करत असाल तर 35 पीपीटीचं (हजार भागात 35 भाग क्षार) कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर जुळवायचं पाणी आणा, शून्याला बरोबर असलेलं मीटर वर चुकू शकतं.

प्रतिसाद 2
कुलरची मोटर काढा भाऊ. गोड्या पाण्यासाठी आहे ती, दांड्याला गंज चढतो, आतलं तांबं उघडं पडलं तर कोरल-झिंगे संपले. समुद्री टँकचा वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा पंप) वापरा, अन् वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन लावा म्हणजे थेंब प्लगात जाणार नाही.
टिपाडावर काही लेबल उरलंय का ते आधी सांगा. वास गेला म्हणजे औषध गेलं असं नसतं, प्लास्टिक शोषून घेतं.

मूळ धागाकर्ता
मोटर काढली. काल आधी पाणी अन् मग मीठ असं केलं, दोन तासात आरपार दिसायलंय, तळाला काहीच नाही. आधी कुणी सांगितलं असतं तर किती मीठ वाचलं असतं.
टिपाड आडवं करून बॅटरी लावून बघितलं. लेबल जवळजवळ सगळं फाटलंय, फक्त एक पिवळा त्रिकोण राहिलाय, टोक खाली. कशाचा असेल?

प्रतिसाद 2
तो अर्धा राहिलाय भाऊ. पूर्ण असता तर बर्फीसारखा उभा चौकोन, वरच्या अर्ध्यात विष असं लिहिलेलं. फवारणीच्या औषधाची खूण आहे ती, लालच्या खालोखाल पिवळा. माशाला तर नकोच, पण आईला सांगा की त्यात वापरायचं पाणीसुद्धा भरू नका. नवीन फूड ग्रेडचं घ्या.

मूळ धागाकर्ता
आईनं सकाळीच त्यात दोन घागरी ओतल्यात, धुण्यासाठी म्हणून. आत्ता ओतून देतो.