आयएफएस काढून पुढे पाटे बसवायचेत: शॅकल पुढे की मागे, आणि स्टिअरिंगचं काय?

हिरवी_हायलक्स

नमस्कार मंडळी. गाडी टोयोटा हायलक्स, १९८६ नंतरच्या पिढीतली, म्हणजे पुढे टॉर्शन बारवालं (स्प्रिंगऐवजी पीळ खाणारा दांडा) आयएफएस, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं सस्पेन्शन, आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग). टायर ३३ इंची. उंची मिळावी म्हणून टॉर्शन बार बरेच पिळून ठेवलेत, आता होतं काय की पुढचं चाक खाली जायला जागाच उरलेली नाही, मोठ्या खड्ड्यात एक चाक गेलं की ते लटकतं आणि ग्रिप जाते, वर स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर दिला की सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा वाकता सांधा) कटकट करतो, त्याचं रबर बूट पण सारखं फाटतं.

१९८५ पर्यंतच्या हायलक्सचा पुढचा सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच नळीवर) मिळतोय, एका नकलपासून (चाक वळतं तो टोकाचा भाग) दुसऱ्या नकलपर्यंत पूर्ण. पुढे पाटेच टाकायचेत, कॉइल आणि लिंकच्या भानगडीत पडायचं नाहीये. वापर म्हणाल तर दगड, नाले, सावकाश चढ, पण तिथपर्यंत जायला हायवेने जावं लागतं.

प्रश्न असे: शॅकल (पाट्याचं एक टोक चेसीला जोडणारी हलती कडी) पुढच्या टोकाला ठेवू की मागच्या? पाटे अ‍ॅक्सलच्या वर की खाली? आणि हा अ‍ॅक्सल माझ्या मागच्या अ‍ॅक्सलपेक्षा अरुंद आहे म्हणतात, त्याने काही बिघडतं का?

दगडवाट

कापाकापी सुरू करण्याआधी एक करून बघा. टॉर्शन बार पिळल्याने तो कडक होत नाही, फक्त गाडी उचलली जाते, आणि ती उंची तुम्ही खालच्या ट्रॅव्हलमधून उसनी घेतलेली असते. बार थोडे ढिले करून लोअर आर्म आडवे होतील असं ठेवा, सीव्हीचा अँगल लगेच सुधारेल आणि कटकट बरीच कमी होईल. ज्याचा निम्म्याहून जास्त वापर हायवेवर आहे त्याला मी इथेच थांबायला सांगतो. आयएफएसमध्ये एका चाकाला लागलेला धक्का दुसऱ्याला कळत नाही, वेगात गाडी शांत राहते. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये डिफ (डिफरन्शियल), नळी, नकल हे सगळं वजन चाकाबरोबर वरखाली नाचतं, वेगात खराब रस्ता लागला की ते स्टिअरिंगवर जाणवणारच.

पण तुमचं काम दगडातलं आणि सावकाश आहे, तिथे सॉलिड अ‍ॅक्सलला तोड नाही. एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. आणि डिफखालची जागा गाडी दबली तरी तेवढीच राहते, आयएफएसमध्ये डिफ चेसीला बांधलेला असल्याने गाडी दबली की तोही दगडावर टेकतो.

पाटे_आणि_शॅकल

शॅकल मागे ठेवा, त्यात दुसरा विचार नको.

कारण समजून घ्या म्हणजे पुढची मापं पण सोपी जातील. कमान असलेला पाटा दबला की सरळ होतो आणि त्याच्या दोन आयमधलं (टोकांच्या भोकांमधलं) अंतर वाढतं. पुढचं टोक पक्कं आणि शॅकल मागे असेल तर हे वाढलेलं अंतर मागे जातं, म्हणजे चाक दगडावर आदळताना अ‍ॅक्सल वर आणि थोडा मागे सरकतो, धक्क्याच्या दिशेनेच. शॅकल पुढे असेल तर उलटं, अ‍ॅक्सलला दगडाच्या अंगावर पुढे जावं लागतं, मग तो दणका थेट चेसीला बसतो. जुन्या सीजे जीपला शॅकल पुढे होते आणि म्हणूनच ते उलटे करून घेणारे इतके लोक दिसतात. हायलक्सच्या जुन्या सॉलिड अ‍ॅक्सलला कंपनीनेच शॅकल मागे दिलेत, तसेच ठेवा.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. ब्रेक दाबल्यावर नाक थोडं जास्त खाली जातं. आणि अ‍ॅक्सल मागे सरकतो म्हणजे ट्रान्सफर केसकडे (पुढच्यामागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) येतो, तेव्हा पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या स्लिपमध्ये (लांबी कमीजास्त होऊ देणारा सरकता सांधा) पूर्ण दबल्यावर आत जायला जागा पाहिजे आणि पूर्ण लटकल्यावर स्प्लाइनची (त्या सांध्यातल्या दात्यांची) पकड पण उरली पाहिजे. दोन्ही टोकं जॅकवर तपासा, अंदाजाने शाफ्ट कापू नका.

वर की खाली: हायलक्सला पाटे मुळातच अ‍ॅक्सलच्या वर असतात, त्यामुळे तुमच्यासाठी प्रश्नच नाही. ज्या गाड्यांना खाली असतात, उदाहरणार्थ सुझुकी समुराई, त्यांना वर नेल्यावर नळीचा व्यास अधिक पाट्यांच्या थराची जाडी एवढी उंची मिळते.

पाटे निवडताना लांब आणि पातळ घ्या. पाट्याची जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो, लांबी १० टक्के वाढवली तर कडकपणा जवळजवळ चतुर्थांशाने कमी होतो. म्हणून चार जाड पाट्यांपेक्षा सात पातळ पाटे तेवढंच वजन उचलून जास्त मऊ चालतात, फक्त पाट्यांमध्ये घर्षण वाढतं, टोकांना पॅड असलेले बघा. खूप कमान असलेला छोटा पाटा उंची देतो पण गाडी बैलगाडीसारखी चालते.

शॅकल उभा ९० अंशात नको, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना त्याचं खालचं टोक थोडं मागे कललेलं पाहिजे, म्हणजे पाटा लांबताना तो मोकळा फिरतो. बंप स्टॉप (पाटा जास्त दबू न देणारा अडथळा) असा लावा की पाटा सरळ रेषेच्या पलीकडे उलटा वाकणारच नाही, उलटा वाकायला लागला की मेन पाटा तुटायची वाट बघायची.

कास्टर_डिग्री

वरचं सगळं बरोबर आहे, पण गाडी सरळ चालेल की हायवेवर भरकटेल हे पाट्यांवर ठरत नाही, स्टिअरिंगवर ठरतं. लोक पाट्यांची चर्चा तासन्‌तास करतात आणि स्टिअरिंग शेवटच्या दिवशी जोडतात.

तुमच्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स फेकू नका. जुन्या सॉलिड अ‍ॅक्सल गाडीच्या बॉक्सचा पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला दांडा) पुढेमागे हलतो, आयएफएस बॉक्सचा डावीकडे उजवीकडे. क्रॉसओव्हर स्टिअरिंगला, म्हणजे लिंक आडवी पलीकडच्या चाकाला जाते त्या पद्धतीला, हा डावीकडे उजवीकडे हलणाराच लागतो. म्हणजे तुमचाच बॉक्स ठेवायचा, नकलवर हाय-स्टिअर आर्म (नकलच्या वर बसणारे स्टिअरिंगचे दांडे) लावायचे आणि बॉक्सकडून पलीकडच्या नकलला ड्रॅग लिंक न्यायची, पाट्यांच्या वरून. ही लिंक गाडी उभी असताना जितकी आडवी तितकं बंप स्टिअर कमी. अ‍ॅक्सल सरळ वर जातो आणि लिंक कंसात फिरते, ती आधीच तिरकी असेल तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं.

हाय-स्टिअर आर्म बसतात नकलच्या वरच्या बेअरिंगच्या टोपीच्या जागी. तिथल्या शिम (पातळ चकत्या) नीट मोजून बसवा, बेअरिंगचा प्रीलोड (आवळलेपणा) त्यावर असतो, नकल हाताने फिरवताना थोडा जड लागला पाहिजे पण अडखळायला नको. स्टड नवे घ्या आणि अधूनमधून टाइट आहेत का बघत राहा, आता स्टिअरिंगचा सगळा जोर त्यांच्यावर येतो.

रुंदीबद्दल: जुना पुढचा अ‍ॅक्सल तुमच्या मागच्यापेक्षा साधारण ३ इंच अरुंद पडतो. आयएफएसचे हब त्याला चालतात, त्याने दोन्हीकडे दीड दीड इंच भरून निघतं, त्याबरोबर डिस्क मात्र जुळणारी लागते. हब नसतील तर चांगल्या प्रतीचे स्पेसर.

हिरवी_हायलक्स

दादा लोक, मनापासून धन्यवाद, दगडवाट यांच्या सांगण्यावरून बार ढिले करून बघतोच, पण खरं सांगायचं तर मन सॉलिड अ‍ॅक्सलवरच आहे. अजून एक अडलंय. कास्टर (नकल ज्या अक्षावर वळतो त्याचा मागे कल) वाढवायला अ‍ॅक्सल मागे फिरवला की पिनियनचं (डिफला शाफ्ट जोडतो ते टोक) तोंड खाली जातं आणि शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट जास्त वाकतो, पिनियन वर केला तर कास्टर जातो. दोन्ही कसं जमवायचं?

कास्टर_डिग्री

एकदम मुद्द्याचं विचारलंत. नकल आणि पिनियन एकाच नळीवर आहेत, पॅड (नळीवरची पाटा बसायची बैठक) कितीही फिरवा, एकाला दिलं की दुसऱ्याचं जाणार. २-३ डिग्रीचा फरक असेल तर पाटा आणि पॅडच्या मध्ये स्टीलची पाचर चालते, अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका, दबून फुटते आणि यू-बोल्ट ढिले होतात. फरक जास्त असेल तर खरा उपाय एकच, नळीच्या टोकाचं वेल्डिंग कापून नकलचे गोळे फिरवायचे आणि परत वेल्ड करायचे. आधी पिनियन शाफ्टला हवा तसा लावा, मग नकल फिरवून ५ डिग्रीच्या आसपास कास्टर ठेवा, मोठ्या टायरला तेवढा लागतो. हे काम अनुभवी वेल्डरकडूनच, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या यायला हव्यात.

पाटे_आणि_शॅकल

आणि पॅड शेवटी वेल्ड करा बरं का. आधी सगळं टाके मारून उभं करायचं, इंजिन, गिअरबॉक्स, बंपर, विंच, जे काही कायम राहणार ते चढवून गाडी चाकांवर उभी करायची, मग खरी उंची आणि खरे अँगल कळतात. रिकाम्या चेसीवर मोजलेला पिनियन अँगल इंजिन बसल्यावर तसा राहत नाही.

अ‍ॅक्सल चौकोनात आहे का ते चेसीच्या कारखान्यातल्या भोकांपासून दोन्ही कर्ण मोजून बघा. शॅकलची नळी चेसीच्या आरपार नेऊन दोन्ही भिंतींना वेल्ड करा, नुसती खालून चिकटवली तर तिथेच तडा जातो. आयएफएसचे ब्रॅकेट कापल्यावर चेसी घासून साफ करा आणि त्या जागी पट्टी मारा. पाट्याला मात्र कुठेही वेल्ड किंवा गॅसची आच लावायची नाही, त्याचं टेंपर जातं.

एक चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली करून, दोन्हीकडे स्टिअरिंग फिरवून बघा, ड्रॅग लिंक ऑइल पॅनला लागते का, ब्रेकचा होज ताणतो का, टायर पाट्याला घासतो का. होज लांब घ्यावाच लागेल.

सेंटर बोल्टचं डोकं पॅडच्या भोकात नीट बसलं पाहिजे. यू-बोल्ट नवेच, एकदा ताणलेले परत वापरू नका, आणि थोडे किलोमीटर चालल्यावर परत टाइट करा, पाटे एकमेकांवर बसले की ते ढिले पडतातच. रबर बुश असतील तर आयचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.