कोल्हापूर–गगनबावडा–कणकवली बारमाही फिरती: कोणती ॲडव्हेंचर बाईक घ्यावी?

फिरतीवाली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. जनावरांच्या औषधांची फिरती आहे माझी. कोल्हापूरहून कळे, गगनबावडा करत घाट उतरायचा, वैभववाडी ते कणकवली दवाखाने आणि मेडिकलं गाठायची, मुक्काम करून परत. बाराही महिने. आत्ताची गाडी १२५ सीसीची. तक्रार काही नाही, पण एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय) नाही. पावसात भुईबावडा घाटाच्या वळणावर मागचं चाक जरा सरकलं की पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात कार घे. कार घेतली तर वरच्या वाड्यांवर औषध कोण पोचवणार?

उंची ५ फूट ३ इंच. बजेट सगळं धरून अडीच लाख, ताणलं तर पावणेतीन. मागे औषधांची पेटी पक्की बसली पाहिजे. रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०, हिरोची एक्सपल्स आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स डोक्यात आहेत. एका शोरूममध्ये गेले तर पोरगा म्हणाला, "मॅडम, स्कूटर दाखवू का?" त्या दारात परत जायचं नाही हे ठरलंय, बाकी सगळं ठरायचंय.

सिंहगड_रोडचा

हिमालयन ४५०, विषय संपला. ४० पीएस पॉवर, पुढे २१ इंची चाक. एकदा चालवा, दुसऱ्या गाडीकडे बघणार नाही. कमी पॉवरची घ्याल आणि दोन वर्षांत विकाल.

घाटपायथा

ताई, माझं गॅरेज घाटाखाली आहे. वरून घसरत आलेल्या गाड्या आधी माझ्याकडेच येतात, म्हणून थोडं लांबण लावतो.

वरचे भाऊ ४० पीएस म्हणतात. भुईबावड्यात पावसात तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर असणार. तिथे ते ४० पीएस टाकीत पेट्रोल भरायलाच उपयोगी. त्यात ३५० सीसीच्या वर गेलं की २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के, खालच्यांना १८. तुमच्या बजेटमध्ये हिमालयन बसत नाही, आणि बसली असती तरी मी हेच सांगितलं असतं. गाडी १९६ किलोची. वाडीच्या चढावर, लाल मातीत, एकट्या बाईमाणसाने आडवी झालेली गाडी उभी करायची आहे, हे धरून चला. बाईमाणूस म्हटलं म्हणून रागावू नका, माझीही तीच गत होते.

एक्सपल्स २०० वजनाला हलकी, १६० च्या आसपास. चिखलात तिच्यासारखी गाडी नाही. पण स्पोक चाकं, आत ट्यूब. घाटात खिळा घुसला तर चाक खोलावं लागतं, आणि पावसात, कठड्याला टेकून, ते काम नको रे बाबा. व्ही-स्ट्रॉमला अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर. पंक्चरच्या भोकात रबराची दोरी भरायची, छोट्या पंपाने हवा मारायची, निघायचं. वजन १६७. तुमची वाट मुख्यतः डांबराची आणि काँक्रीटची आहे, म्हणून माझं मत तिकडे. हिचा एबीएस बंद करता येत नाही म्हणून पोरं नाकं मुरडतात. तुम्हाला तो बंद करायची गरजच काय?

अडचण उंचीची. सीट ८३५ मिलिमीटर, तुमचे दोन्ही पाय सपाट टेकणार नाहीत. सीटवाल्याकडे जाऊन फोम थोडा उतरवून घ्या, इंचभर तरी फरक पडतो. कुणी मागच्या शॉकअपची लिंक (जोडणारी पट्टी) बदलून गाडी खाली घ्या म्हणालं तर ऐकू नका. गाडी खाली बसते, पण साइड स्टँड होता तेवढाच राहतो, मग ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने उलट बाजूला पडते. गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं तेव्हा तो गेलेला क्लिअरन्सही (जमिनीपासूनची उंची) आठवेल. ८०० च्या खालचं हवं असेल तर रॉयल एनफील्डच्याच स्क्रॅम ४४० ची सीट ७९५ आहे, पण वजन हिमालयनच्याच घरातलं.

आणि पाऊस तुमचा शत्रू नाही, धुकं आहे. गगनबावड्यात जुलैत दुपारी तीनला दहा फुटांवरचं दिसत नाही. हाय बीम मारला की समोर पांढरी भिंत. दोन पिवळे दिवे घ्या, हँडलवर नाही, खाली इंजिनगार्डवर लावा, प्रकाश धुक्याखालून रस्त्यावर पडतो. एसटी दिसली तर बऱ्यापैकी अंतर ठेवून तिच्या मागे लागा, ड्रायव्हरला वळण पाठ असतं. काच आतून धुरकटते, त्यासाठी पिनलॉक (वाफ धरू न देणारी आतली जादा काच) बसणारं हेल्मेट बघा. बाकी कशावर काटकसर केलीत तरी चालेल.

चंद्रपूर_४७

पावसाचं सांगून झालं, उन्हाचं राहिलं. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं. तेव्हा जाळीच्या जॅकेटमधून गरम हवाच अंगावर येते, थंडावा नाही. आतला सुती टीशर्ट पाण्यात भिजवून घालायचा, तासाभराने पुन्हा. तुमच्या कणकवलीला एवढं तापणार नाही, पण घाम वाळत नाही, तिथे सुती राहू द्या, पातळ ड्रायफिट घाला.

ताई, मुख्य गोष्ट औषधांची. पेटी सायलेन्सरच्या बाजूला टांगू नका, तळ भाजतो. लसी असतील तर बर्फाच्या पिशव्यांची वेगळी छोटी पेटी सीटवर, स्वतःला खेटून. जड सामान मागच्या रॅकवर उंच ठेवलं की पुढचं चाक हलकं होतं, चढावर हँडल हातात राहत नाही. रॅकवर किती किलो चालतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आपल्याकडे ते कुणी उघडत नाही एवढंच.

फिरतीवाली_कोल्हापूर

सगळ्यांचे आभार. काल व्ही-स्ट्रॉम चालवून बघितली (दुसऱ्या शोरूमला!). सिग्नलला एकच पाय टेकतो, पण सीटवर जरा डावीकडे सरकलं की टाच टेकते. पेठेत वळवताना माझी १२५ आठवली, इतकी सोपी. एक्सपल्स मनातून जात नाहीये, दिसायला फार देखणी आहे, पण ट्यूबचं ऐकून गप्प बसले.

घाटपायथा दादा, दोन विचारायचं होतं. चेनला पावसात किती दिवसांनी तेल? आणि रेनकोट जॅकेटच्या आत घालायचा का वर?

घाटपायथा

चेन एरवी पाचशे किलोमीटरला साफ करून ल्यूब. पावसात घाट उतरलात की मुक्कामाला पोचल्यावर लगेच मारा, चेन कोमट असताना, म्हणजे रात्रभर मुरतं. कोकणातली खारी हवा नट-बोल्टांनाही सोडत नाही, बाहेरच्या नटांवर ग्रीसचं बोट फिरवत जा.

रेनकोट वर. जॅकेटच्या आतलं अस्तर अंग कोरडं ठेवतं, पण बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्याने हुडहुडी भरते. रेनकोटची बाही हातमोज्याच्या वर घ्या, आत नको, नाहीतर मोज्यात पाणी साठतं.

गाडी घेतलीत की पहिल्या पावसाआधी गॅरेजला आणा. घाटात उसाच्या ट्रॉल्या नसतात, पण कळ्यापर्यंत हंगामात रात्रीच्या भेटतातच, बिनलाइटच्या. ते पिवळे दिवे तेव्हाही लागतील. मी बसवून देतो, वायरिंगला रिले (दिव्यांना बॅटरीतून वेगळा करंट देणारा स्विच) घालून. बाहेर कुणाकडून थेट हेडलाइटच्या वायरीला जोडून घेऊ नका.

सिंहगड_रोडचा

मी अजूनही ४५० च म्हणतोय.