घरातल्या चौघांसाठी मराठी पुस्तकं सुचवा (वय ९ ते ७४)

मालवी_मराठी

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला असतो, तीन पिढ्या इकडेच. पुढच्या महिन्यात पुण्याला नणंदेच्या मुलाचं लग्न आहे तेव्हा अप्पा बळवंत चौकात जाऊन एकदाच काय ती पुस्तकखरेदी उरकायची म्हणतेय. बजेट चार हजार, फार तर पाच. मी सोडून घरात माणसं चार आणि चौघांची तोंडं चार दिशांना.

लेक नऊ वर्षांची. घरी मराठी बोलतो, म्हणजे आमची इंदुरी मराठी, त्यात निम्मी हिंदी. शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी फाडफाड वाचते पण मराठी पुस्तक हातात दिलं की दुसऱ्या पानावर "आई ये क्या लिखा है" सुरू आणि मग पुस्तक सोफ्याखाली. इंग्लिशमध्ये मात्र विम्पी किडचा फडशा पाडते.

मुलगा पंधराचा. काहीच वाचत नाही. फुटबॉल आणि फोन.

नवरा इंग्लिश थ्रिलरवाला, मराठीत असलं काही असतं हेच त्याला पटत नाही. तुंबाड सिनेमा बघितल्यापासून तुंबाडचे खोत आण म्हणून मागे लागलाय.

सासूबाई ७४. खांडेकर, फडके, रणजित देसाई सगळे वाचून झालेत, मृत्युंजय तर दोनदा. आता पौराणिक नको म्हणतात, "कर्णाचं दुःख पुरे झालं" असं स्पष्ट सांगितलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय पण बारीक टाईप अजून जड जातो.

यादी नका देऊ प्लीज, याद्या नेटवर ढीगभर आहेत. कोणाला काय आणि का तेवढं सांगा.

जुना_वाचक

मुलीला श्यामची आई द्या, दुसरं काही शोधायची गरज नाही. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आज इतक्या वर्षांनी पण घराघरात आहे ते उगाच का. मुलाला मृत्युंजय किंवा छावा. ह्या वयात एकदा का शिवाजी सावंत लागले की माणूस वाचतोच. आमच्या पिढीनं तेच केलं.

बाईंचा_वर्ग

काका आदर ठेवून सांगते, नऊ वर्षांच्या मुलीला, तेही जिचं मराठी वाचन आत्ता कुठे चालू होतंय तिला, श्यामची आई हातात देणं म्हणजे तिला आणि पुस्तकाला दोघांनाही शिक्षा. चित्रं नाहीत, मोठमोठे परिच्छेद, आणि कोकणातलं शंभर वर्षांपूर्वीचं घर जे तिनं कुठे बघितलेलं पण नाही. ते पुस्तक वाचून दाखवायचं आहे, आजीनं रात्री एकेक प्रकरण वाचावं. श्याम स्वतः पण गोष्ट सांगतोच आहे ना, रोज रात्री, मित्रांना.

मी तिसरी चौथीला शिकवते म्हणून जरा लांबण लावते. मालवी ताई, तुमच्या मुलीला वाचता येत नाही असं नाहीये, तिला मराठी वाक्याची सवय नाहीये. हिंदीमुळे अक्षरं येतात पण "वाटलं होतं", "जायचंय", "बघितलंन" असलं काही आलं की गाडी अडते, ळ वर पण अडते. त्यामुळे तिच्या वयापेक्षा थोडं खालचं पुस्तक घ्या आणि ते खालचं आहे हे तिला अजिबात कळू देऊ नका. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं बघा, ज्योत्स्ना प्रकाशनची. राधाचं घर, यशची पुस्तकं. चित्रंही त्यांचीच आहेत आणि त्यातली माणसं आपण घरात बोलतो तशीच बोलतात, संस्कार बिंस्कार काही शिकवत नाहीत. राधाचं घर तिला लहान वाटेल कदाचित, यश चालेल. नंतर वर्षभरानं त्यांनीच संपादित केलेलं वाचू आनंदे आहे, बालगट आणि कुमारगट असे भाग आहेत, त्यात जुन्या नव्या मराठीतले छोटे छोटे उतारे आणि चित्रं. ते मात्र तुम्ही सोबत बसून.

आणि विंदा करंदीकरांच्या बालकविता विसरू नका. राणीची बाग, एटू लोकांचा देश. विम्पी किड आवडणाऱ्या पोरांना तिरकसपणा कळतो, त्यांना हे कळतं. कविता मोठ्यानं म्हणायला लावा, अडखळणं आपोआप कमी होतं, वर्गात बघितलंय.

एक युक्ती सांगते. रात्री तीन चार पानं तुम्ही वाचा आणि जिथे आता काय होणार असं होईल तिथे कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून जा. पुस्तक तिथेच उघडं ठेवा.

निशाचर७

थांबा थांबा, आधी तुमच्या मिस्टरांना वाचवतो. तुंबाडचे खोत ही हॉरर नाही!! श्री. ना. पेंडशांची दोन खंडांची जाडजूड कादंबरी आहे, कोकणातल्या खोत घराण्याच्या पिढ्यांची गोष्ट, ग्रेटच आहे पण त्यात हस्तर नाही, सोन्याची मोहर नाही, पीठाच्या बाहुल्या नाहीत. सिनेमानं नाव तिथून उचललं एवढंच. सिनेमाचं मूळ नारायण धारपांच्या आजी नावाच्या कथेत आहे. त्यामुळे सिनेमा आवडला म्हणून खोत आणलात तर बिचारा पन्नास पानं भूत शोधत बसेल आणि मराठीत थ्रिलर नसतात हे त्याचं मत आणखी पक्कं होईल.

त्याला धारप द्या. लुचाई पासून सुरुवात, ती स्टीफन किंगच्या सेलम्स लॉटवर बेतलेली आहे, त्यानं मूळ वाचली असेल तर मजा डबल कारण धारपांनी ती आपल्या मातीत कशी रुजवलीये ते बघता येतं. ४४० चंदनवाडी पण. मग रत्नाकर मतकरींचा खेकडा हा कथासंग्रह. मतकरींची गूढकथा वेगळी, भूत बाहेर नसतं, माणसाच्या आतच काहीतरी सडलेलं असतं आणि ते शेवटच्या पानावर कळतं. माझ्या मते धारपांपेक्षा मतकरी जास्त भीतीदायक. ह्यावर लोक भांडतील, भांडू देत.

बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या रहस्यकथांतला झुंजार वगैरे नॉस्टॅल्जिया म्हणून ठीक पण आज किंग वाचणाऱ्याला ते पांचट वाटेल, त्यावर पैसे नका घालवू.

भटक्या

मुलाबद्दल. पंधराव्या वर्षी न वाचणाऱ्या पोराला मृत्युंजय देणं म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याला डायरेक्ट समुद्रात ढकलणं. जुना वाचक काका रागावू नका, मी पण मृत्युंजय वाचलंय आणि रडलोय, पण मला आधीपासून वाचायची सवय होती. त्याला पातळ पुस्तक पाहिजे जे दोन दिवसात संपलं की "संपलं पण?" असं वाटेल.

माझं मत शाळा, मिलिंद बोकील. नववीतली मुलं, आणीबाणीचा काळ, वर्गातली मुलगी, मित्रांची टवाळी, आणि भाषा अगदी पोरांची. थोडे शिव्या बिव्या आहेत, तुम्ही आधी चाळून घ्या, पण खरं सांगू का त्या आहेत म्हणूनच तो वाचेल. सिनेमा पण आहे पण तो आधी दाखवू नका.

दुसरं, तीन मुलांचे चार दिवस. साधना प्रकाशन. तीन कॉलेजची पोरं सायकली घेऊन नक्षलग्रस्त भागातून फिरायला निघतात आणि वाटेत माओवादी त्यांना धरतात. खरी घडलेली गोष्ट आणि तिघांनीच लिहिलीये. फुटबॉलवाल्याला बाहेर पडणारी माणसं आवडतात. मला स्वतःला त्याच्या वयात हे मिळालं असतं तर घरच्यांना फार त्रास झाला असता 😄

आणि जमलं तर रारंग ढांग, प्रभाकर पेंढारकर. हिमालयात सतलजच्या खोऱ्यात कडा फोडून रस्ता करणारी बॉर्डर रोड्सची माणसं, त्यात मुंबईची नोकरी सोडून आलेला एक तरुण इंजिनियर जो साहेबाशी पटवून घेत नाही. डोंगराचं वर्णन असं की वाचताना पाय लटपटतात. हे त्याचं नाही झालं तरी तुमच्या मिस्टरांचं नक्की होईल.

फास्टर फेणे पंधराव्या वर्षी जरा उशीर होतो. मुलीला मात्र दहा-अकराची झाली की द्या, फुरसुंगीचा बनेश फेणे आणि त्याची सायकल आणि ट्टॉक्!

जुना_वाचक

रागवत नाही हो. पण आजकाल मुलांना जड काही द्यायचंच नाही असं जे चाललंय ते पण बरोबर नाही. थोडं अडखळू दे की. आम्हाला कोणी विचारलं होतं पातळ पाहिजे का जाड.

बाईंचा_वर्ग

अडखळू दे, मान्य. पण अडखळून उठल्यावर परत चालावंसं वाटलं पाहिजे ना काका. तुमच्या वेळी दुपारी करायला दुसरं होतं तरी काय, आता पुस्तकाला फोनशी झगडायचं असतं.

रानभूल

सासूबाईंसाठी लिहिते. तुम्ही इंदूरच्या म्हणून पहिलं नाव जे डोक्यात आलं ते माझा प्रवास, गोडसे भटजींचं. वरसईचे भटजी दक्षिणा मिळेल म्हणून काका बरोबर घेऊन उत्तरेत निघाले आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. महू, उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, सगळा तुमच्याच बाजूचा रस्ता, आणि झाशी इंग्रजांनी घेतली तेव्हा हे गृहस्थ आत शहरात. लुटालूट, उपासमार, मध्येच देवदर्शन, आणि कुठे काय जेवायला मिळालं त्याचं वर्णन पण चालूच. छापून आलं १९०७ साली. भाषा जुनी आहे पण ७४ वर्षांच्या आजींना ती अडणार नाही, आपल्यालाच अडते. मालव्यात आयुष्य काढलेल्या बाईला ही गावं ओळखीची, त्याची गंमत पुण्याच्या वाचकाला नाही यायची.

स्मृतिचित्रे वाचलंय का त्यांनी? लक्ष्मीबाई टिळक. नसेल तर बाकी सगळं राहू द्या आणि ते घ्या. नवरा एके दिवशी ख्रिस्ती होतो, बाई सोवळ्यातली, आणि हे सगळं ती इतकं हसत हसत सांगते की दुःख कुठे होतं ते पान उलटल्यावर लक्षात येतं.

टाईपचं म्हणाल तर दुकानात उभं राहून आतलं पान उघडून बघा, एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अक्षराचा खूप फरक असतो, ऑनलाईन मागवलं की हे कळत नाही. आणि स्टोरीटेलवर मराठी ऑडिओबुक्स भरपूर आहेत, माझ्या आईला मी तेच लावून देते, ती भाजी निवडत ऐकते. सुरुवातीला "हे काय रेडिओसारखं" म्हणाली आता हेडफोन मागते.

आणि ताई, चौघांचं झालं, तुमचं काय?

मालवी_मराठी

अरे बापरे एवढं सगळं, थँक्यू सगळ्यांना. निशाचर, नवऱ्याला तुमचा रिप्लाय वाचून दाखवला, तोंड बघण्यासारखं झालं होतं, आता लुचाई पाहिजे म्हणतोय. सासूबाईंना स्मृतिचित्रेबद्दल विचारलं तर शाळेत धडा होता तेवढाच आठवतो म्हणाल्या. गोडसे भटजींचं नाव काढल्यावर मात्र स्वतःच महूच्या कुठल्यातरी नातेवाईकांची गोष्ट सांगत बसल्या, म्हणजे ते पुस्तक पक्कं.

माझं काय विचारलंत, तर कॉलेज सुटल्यानंतर सलग काही वाचलंच नाहीये. दिवाळी अंक चाळते. त्यामुळे मी पण मुलाच्याच कॅटेगरीत धरा 😅 फार रडकं नको आणि सासू-सून नको.

रानभूल

गौरी देशपांडे. एकेक पान गळावया. तीन दीर्घकथा आहेत एकाच पुस्तकात, एक वाचून ठेवून दिलं तरी चालतं. त्यातल्या बायका त्यागाच्या मूर्ती नाहीत, स्वतःशी खोटं बोलत नाहीत, आणि गौरीबाईंची भाषा इतकी खट्याळ आहे की एकटीला हसू येतं. काही ठिकाणी चिडाल पण. चिडा.

अजून एक, लेकीसाठी म्हणून घ्या आणि आधी तुम्ही वाचा: चौघीजणी, शांता शेळक्यांनी केलेला लिटिल विमेनचा अनुवाद. ती बारा-तेराची झाली की तिला.

भटक्या

प्रकाश नारायण संतांचं वनवास कोणीच कसं नाही बोललं?? आजी-आजोबांकडे राहणारा लंपन, बेळगावकडची मराठी, मधेमधे कानडी, आणि "मॅडसारखं" हे त्याचं पालुपद. लहान मुलाची गोष्ट आहे पण लहान मुलांसाठी नाही असं काही लोक म्हणतात, मी म्हणतो मालवी ताईंच्या घरात हे एकच पुस्तक असं आहे जे आजीपासून मुलापर्यंत कोणीही उचलेल. तुमच्या मराठीत हिंदी तशी त्याच्या मराठीत कानडी, हे पोरांना बरं वाटेल. वनवास आवडलं तर शारदा संगीत, पंखा, झुंबर आहेतच.

निशाचर७

+१ लंपन.

नवरोबासाठी अजून एक, नारळीकरांची यक्षांची देणगी. विज्ञानकथा, छोट्या छोट्या. माणसानं पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप नावानं, ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षक नावाला बघून बक्षीस देणार नाहीत, आणि बक्षीस मिळालंच. हा किस्सा मुलाला सांगा, पुस्तक नाही वाचलं तरी चालेल.

बाईंचा_वर्ग

पैसे वाचवायचं सांगायचं राहिलं. बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक, १९७१ पासूनचे, त्यांच्या साईटवर फुकट वाचायला आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवरवर पण मराठी चित्रपुस्तकं लेव्हलप्रमाणे फुकट मिळतात. मुलीला पुण्याला जायच्या आधीच त्यातली दोन तीन वाचून घ्या म्हणजे कुठल्या लेव्हलला अडते ते कळेल आणि दुकानात अंदाजानं घ्यावं लागणार नाही. दुकानात तिलाच निवडू द्या, तुम्ही फक्त बजेट सांगा. तिनं काहीतरी फालतू निवडलं तरी घ्या.

मालवी_मराठी

स्टोरीवीवर आत्ताच उघडून दिलंय, एका हत्तीच्या गोष्टीवर बसलीये, अजून "ये क्या लिखा है" आलं नाही. एकच शेवटचं, फास्टर फेणेचा अख्खा संच एकदम घेऊ का, लग्नाला पाहुण्यांबरोबर गाडीनं येणार आहोत, परत येताना जागा आहे.

भटक्या

नका घेऊ. एक दोन घ्या. नाही आवडला तर वीसेक पुस्तकं कपाटातून तिच्याकडे बघत राहतील आणि आवडला तर बाकीची कुरियरनं इंदूरला येतात की. उरलेल्या पैशात शाळा आणि वनवास दोन्ही बसतं.

जुना_वाचक

आणि श्यामची आई. आजींनी वाचून दाखवायला. बाईंनीच सांगितलंय.