इच्छास्वातंत्र्याच्या युक्तिवादात पानशेतचा पूर कुठे बसतो?

शनिवारपेठकर
सप्रेम नमस्कार. मी स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु ऑफिसातील एका ख्रिस्ती मित्राबरोबर जेवणाच्या सुट्टीत बरेच दिवस चाललेली चर्चा एका जागी अडली आहे, म्हणून येथे विचारतो. देव सर्वशक्तिमान आहे आणि पूर्णपणे प्रेमळही आहे, तर जगात दुष्टाई का, यावर मित्राचे म्हणणे असे की देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले, कारण बळजबरीच्या प्रेमाला प्रेम म्हणता येत नाही, आणि त्या स्वातंत्र्याच्या गैरवापरातून दुष्टाई निपजली. खून, छळ, फसवणूक यांच्यापुरते हे मला समजते. पण आमच्या जुन्या वाड्यात, जिन्याशेजारच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, आजोबांनी तेलरंगाने एक रेघ ओढून ठेवली होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटल्यावर पाणी तिथवर चढले होते. अर्धवट कामाचे धरण पावसाळ्यात भरू देणे ही माणसांची चूक, हे मान्य. पण ज्यांचे संसार त्या लोंढ्यात वाहून गेले, त्यांनी कोणती निवड केली होती? दुसरी शंका अशी की स्वर्गात पाप नाही म्हणतात, तर तेथे इच्छास्वातंत्र्य असते की नसते? असेल, तर देवाने तसेच जग आधीच का निर्माण केले नाही?

नगररोड
मी येथील एका सेमिनरीत (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात) ईश्वरविज्ञान शिकतो. आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत. आधी दोन गोष्टी वेगळ्या करतो, कारण त्यांची नेहमी गल्लत होते. १९५५ साली तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी असा दावा केला की सर्वशक्तिमान व सर्वथा चांगला देव मानणे आणि दुष्टाईही खरी मानणे हे तर्कविसंगत आहे. देवाला सगळे करता येते, तर नेहमी स्वेच्छेनेच चांगले निवडणारी माणसे त्याने का घडवली नाहीत? (आपली स्वर्गाची शंका याच कुळातली.) ख्रिस्ती तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांच्या १९७४ मधील पुस्तकातले उत्तर एवढेच, की कोणी काय निवडावे हे देवानेच ठरवले तर ती निवड त्या माणसाची राहत नाही, तेव्हा अशी माणसे मिळणे एकट्या देवाच्या हाती नसणे शक्य आहे. याने विसंगतीचा आरोप दूर होतो. पानशेतच्या पुरात अमक्याचे घर का गेले, हे सांगण्याचा त्यात दावाच नाही.

कारण सांगू पाहणारे वेगळे. धर्मतत्त्वज्ञ जॉन हिक यांनी १९६६ मध्ये दुसऱ्या शतकातील बिशप आयरेनियसचा धागा धरून मांडले की माणूस पूर्णावस्थेत निर्माण झालाच नाही. निवडी करत, परिणाम भोगत त्याला घडायचे आहे, आणि त्यासाठी नियमांनी चालणारे जग लागते. धरणाखालची वस्ती पाहून पाण्याचा दाब कमी होऊ लागला, तर इंजिनिअरने काळजी घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच. स्वर्गाबद्दल प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनचे म्हणणे असे की आदामाला (बायबलातल्या पहिल्या माणसाला) पाप न करणे शक्य होते, तर स्वर्गात पाप करणेच शक्य नसेल, आणि हे दुसरे स्वातंत्र्य अधिक मोठे. मग तेच आधी का दिले नाही, असे आपण लगेच विचाराल. येथे मला हिकचीच बाजू बरी वाटते: घडलेला स्वभाव आयता देता येत नाही.

तर्कट
आणि ज्यांना घडायला वेळच मिळाला नाही त्यांचे काय? किल्लारीच्या भूकंपात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, दगडमातीची घरे अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. त्यांत तान्ही मुलेही होती. वाचलेल्यांच्या जडणघडणीसाठी ती गेली असे म्हणायचे असेल, तर तो देव प्रेमळ कसा?

शांकरभाष्य_वाचक
थोडे अवांतर, पण विषयाला धरून. हाच आक्षेप ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) आला आहे: सृष्टीत विषमता व क्रौर्य दिसते, म्हणून ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो काय? शंकराचार्यांच्या मते ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पीक मात्र बियाण्याप्रमाणे येते. तान्ह्या मुलाचा प्रश्न त्यामुळे आपल्याकडे पूर्वजन्मावर ढकलता येतो. सुटतो असे मी म्हणणार नाही. ख्रिस्ती मताला ती सोय नाही. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की पाप याचे की आईबापांचे, आणि येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयीही तो सांगतो की ते इतरांहून अधिक पापी नव्हते. मग आदिपापाची (आदामाच्या पापाचा वारसा सगळ्यांनाच लागतो, ही) शिकवण या प्रसंगांशी कशी जुळवतात, हे नगररोड यांनी सांगावे.

नगररोड
आदिपाप ही सगळ्या मानवजातीची अवस्था मानली जाते. त्यातून एखाद्यावर अमकी आपत्ती का आली याचा हिशोब मांडणे आपण सांगितलेल्या उताऱ्यांनंतर अवघडच आहे. ऑगस्टिनने मात्र बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांबद्दल जे लिहिले, ते आज वाचवत नाही. तर्कट, आपल्या आक्षेपावर हिक म्हणतात की ही घडण मृत्यूनंतरही चालू राहते. सगळ्या चर्चना ते मान्य नाही आणि मलाही पुरेसे वाटत नाही. शिवाय इच्छास्वातंत्र्य हे समस्त ख्रिस्ती परंपरेचे उत्तर आहे असेही नाही: १५२४ मध्ये विद्वान इरॅस्मसने त्याची बाजू मांडली आणि पुढच्याच वर्षी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ती खोडून काढायला एक आख्खे पुस्तक लिहिले.

बायबलातील ईयोब या निर्दोष पण दुःखाने ग्रासलेल्या माणसाच्या पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो देवाचीच बाजू घेऊन सिद्धान्त सांगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांवर. तक्रार करणारा ईयोब योग्य बोलला, असे तो म्हणतो. त्यामुळे कोणाच्या अंत्यविधीला गेलो तर वर लिहिलेल्यातले काहीही मी बोलत नाही. शनिवारपेठकर, आपल्या मित्राला एवढेच विचारून पाहा की ते प्लँटिंगाची बाजू मांडत आहेत की हिकची. चर्चा बहुधा तिथेच अडली आहे.