स्रेब्रेनित्साचे कप आमच्या शाळेत मांडावेत का?

चित्रकला_रेवदंडा
मी रेवदंड्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. नववीच्या मुलांना आइदा शेहोविच या बोस्नियन कलावतीचं काम दाखवलं. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. मागे राहिलेल्या बायकांनी तिला सांगितलं, नवऱ्यासोबतची कॉफी फार आठवते. म्हणून २००६ पासून ११ जुलैला ती वेगवेगळ्या शहरांच्या चौकांत कप मांडायची. येणारे-जाणारे त्यांत कॉफी ओतायचे, प्यायचं मात्र कुणीच नाही. २०२० मध्ये स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीत, तिथल्या स्मारकापाशी, मारल्या गेलेल्या प्रत्येकासाठी एक असे ८३७२ कप मांडले.

मुलं म्हणतात, सर, आपणही घराघरांतून कप गोळा करू, पडवीत मांडू. मला धास्ती वाटते की दुसऱ्यांच्या मरणाची आम्ही सजावट करू. पण ‘आपल्याला काय त्याचं’ असं मुलांना सांगायला जीभ रेटत नाही. काय करावं?

दापोलीकर
बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात मेनाशे कादिशमन या इस्रायली शिल्पकाराची मांडणी पाहिली आहे. जमिनीवर दहा हजारांहून जास्त लोखंडी चेहरे, तोंडं उघडी. त्यांच्यावरूनच चालायचं. प्रत्येक पावलाला खणखणाट होतो. मी चाललो, बायकोने साफ नकार दिला आणि कडेलाच उभी राहिली. मला दोघांचंही बरोबर वाटतं. पाहणाऱ्याला काहीतरी ठरवावं लागतं, म्हणून ती सजावट होत नाही. तुमच्या पडवीत येणाऱ्याला काय ठरवावं लागेल?

इस्रायल_आळी_अलिबाग
सर, मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. आमचे पूर्वज नवगावला उतरले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले. या किनाऱ्यावर आम्हाला मारायला कुणी आलं नाही. म्हणून युरोपातल्या ज्यूंचं दुःख मी माझ्या घरचं म्हणून सांगत नाही.

कप नकोत. मुलं आपल्या गेलेल्या आजोबांचा कप आणतील, प्रेमानेच आणतील. पण आजोबा म्हातारपणी अंथरुणात गेले, त्यांना हात बांधून कुणी गोळ्या घातल्या नाहीत. ही दोन मरणं एका ओळीत मांडू नका. पोटोचारीच्या स्मारकावर नावं कोरलेली आहेत. प्रत्येक मुलाने एक नाव घ्यावं, जन्मसाल शोधावं, स्वतःच्या अक्षरात मोठं लिहावं आणि उभं राहून वाचावं. नववीच्या वयाची मुलंही त्या यादीत सापडतील.

चित्रकला_रेवदंडा
पटलं. नावंच घेतो. ११ जुलैला आपल्याकडे धो धो पाऊस, तेव्हा पडवीतच वाचू. येणाऱ्या पालकांच्या हातातही एकेक नाव देईन, वाचायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. बोस्नियन नावांचे उच्चार नीट ऐकायला कुठे मिळतील? चुकीचं नाव वाचायचं नाही मला.