शब्दचर्चा : ‘पितृकार्य’ म्हणावे का?

विचारणा (सोलापूर) : एकल समलिंगी पुरुषांच्या पालकत्वावर समुपदेशकांसाठी मनोविश्लेषणाच्या अंगाने टिपण करायचे आहे. फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँने बापाचे जे कार्य मांडले, त्याला ‘पितृकार्य’ चालेल का?

उत्तर : नको. पितृकार्य म्हटले की आपल्याकडे श्राद्धपक्षच आठवतो. शिवाय लाकाँला घरातला पुरुष अभिप्रेत नाही. मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती या दोघांत अंतर राखणारी ती जागा आहे. ‘तिसऱ्याची जागा’ म्हणा.

एकट्या बापाबद्दल लोक आधी आईची उणीव काढतात. पण ब्रिटिश मनोविश्लेषक विनिकॉटने सांगितलेले बाळाला ‘धरणे’, म्हणजे वेळेवर भरवणे, कुशीत घेणे, रडण्याने न बिथरणे, हे पुरुषालाही जमते. खरी जोखीम दोघांचेच बंद जग होण्याची. मग मूल बापाचा एकटेपणा सांभाळू लागते, त्याचा चेहरा वाचत बसते, त्याला सोडून शाळेत जायला घाबरते. बापाचा जोडीदार, मित्र, मुलाची आत्या, बापाचे काम, यांतले काहीही ती तिसरी जागा घेऊ शकते. मात्र ‘आता माझं काम आहे, तू खेळ’ हे बापाला अपराधी न वाटता म्हणता आले पाहिजे.

भर : ‘मातृत्व’ऐवजी ‘आईपण’ घ्या, मातृत्वात बाळंतपण येते. पंढरपूर तुमच्याच जिल्ह्यात. विठोबाला माउली आणि लेकुरवाळा म्हणणाऱ्यांना पुरुषाचे आईपण समजावावे लागणार नाही. ‘विकृती’ मात्र कुठेही नको. समलैंगिकतेला आजार म्हणता येत नाही, असे फ्रॉइडनेच १९३५च्या पत्रात लिहिले आहे.

विचारणा : आणि ‘दात्री’ (स्त्रीबीज देणारी), ‘सरोगेट’ (दुसऱ्यासाठी गर्भ वाढवणारी) हे शब्द?

उत्तर : परदेशी लेखनात ते पदोपदी येतात, पण २०२१च्या कायद्याने आपल्याकडे एकल पुरुषाला सरोगसी बंद आहे. टिपणात ‘दत्तक’ आणि ‘जन्मदात्री’ हेच मध्यवर्ती ठेवा. आपले खरे आईबाप दुसरेच कुणी थोर आहेत, ही मुलांची कल्पना फ्रॉइडने १९०९ मध्ये नोंदवली. दत्तक मुलाला दुसरे आईबाप खरोखरच असतात. बाप जन्मदात्रीचा विषय टाळू लागला, की मूल विचारायचे थांबते आणि उत्तरे मनातच रचते.

कायद्याच्या भागात ‘एकल पुरुष’ असेच लिहा. बाल न्याय कायद्यानुसार त्याला मुलगाच दत्तक मिळतो, मुलगी नाही. दोघांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल, तर बापाचे वय ४०च्या पुढे चालत नाही. दत्तकाचा आदेश आता न्यायालय नव्हे, जिल्हाधिकारी देतात.