१८ दिवसांच्या रजेत दारू सोडायची आहे, ऑफिसात काय सांगू?

कोरा_कागद
नमस्कार. नऊ वर्षं रोज पितोय, शेवटची दोन वर्षं सकाळीही. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलंय. ऑफिसात एका टीमची जबाबदारी माझ्यावर आहे. दोनदा सकाळच्या मीटिंगला खोटं कारण देऊन दांडी मारली. एक हिशेबाची फाइल चुकीची गेली होती, ती शेजारच्या सहकाऱ्याने रात्री बसून निस्तरली. साहेबांपर्यंत अजून काही गेलेलं नाही.

साठलेली रजा १८ दिवस आहे. बिनपगारी परवडणार नाही, तेव्हा १८ दिवसांत बसेल असंच सांगा. प्रश्न दोनच: अर्जावर काय लिहू, आणि कुणाला सांगू? सोडायची हे ठरलंय, त्यावर चर्चा नको.

नव्याने_चालतो
तीन महिने घ्या. मी पूर्ण ९० दिवस राहिलो आणि पाच वर्षं थेंबाला शिवलेलो नाही. परतलो त्याच दिवशी सगळ्या विभागासमोर उभं राहून सांगितलं, मी दारुडा होतो, उपचार घेऊन आलोय. आज माझ्या हाताखाली तेव्हाच्या दुप्पट माणसं आहेत. लपवणारा पुन्हा पितो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सांगून मोकळे व्हा.

खिडकीजवळची
सगळ्यांनाच असे लोक मिळत नाहीत. मी साहेबांना विश्वासाने सांगितलं, केबिनचं दार लावून. पंधरा दिवसांत माझ्या टेबलापाशी आलं की लोक आवाज खाली घ्यायला लागले. पुढची बढती "तुम्ही तब्येतीला जपा" म्हणत दुसऱ्याला दिली. सगळं तोंडी, त्यामुळे भांडायलाही हातात काही नव्हतं. सांगायचंच असेल तर एचआरला, तेही ईमेलवर. साहेबांना एक अक्षर नाही.

रात्रपाळी_परिचारिका
अर्जाचं नंतर. आधी हे वाचा. रजा सुरू व्हायच्या आधी घरीच बंद करून बघू, असं मनातसुद्धा आणू नका. सकाळी घ्यावी लागते म्हणजे शरीर तिच्यावर उभं आहे. एकदम थांबवली तर ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते. सगळ्यात वाईट काळ साधारण ४८ ते ९६ तासांचा: भ्रम, ताप, प्रचंड थरथर. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावतो. वॉर्डात औषधं देऊन हा काळ सांभाळतात, मेंदू वाचावा म्हणून बी-१ जीवनसत्त्व देतात. बहुतेकांचा हा भाग आठवडाभरात आटोपतो, म्हणून १८ दिवस अगदीच कमी नाहीत. पण तो आठवडा म्हणजे उपचार नव्हे, उपचाराची सुरुवात. बाकीचे दिवस समुपदेशनाला, आणि कामावर परतल्यावरही संध्याकाळची भेट चालू ठेवायची.

आता अर्ज. "वैद्यकीय उपचारांसाठी रुग्णालयात दाखल होत आहे" एवढं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. दाखल्यावर आजाराचं नाव घालणं गरजेचं आहे का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. कावीळ झाली, पाठ धरली, असलं काही लिहू नका. आजारपणामुळे नोकरी जाईल की नाही सांगता येत नाही, पण खोटा दाखला सापडला तर तुमच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही. दोन माणसांच्या बाबतीत हे जवळून पाहिलंय, आजही वाईट वाटतं.

धुकं
दाखल वगैरे ठीक, पण डायसल्फिरम सुरू करा. मी त्यावरच टिकलो. गोळी पोटात असताना प्यायलं की चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या. भीतीच बसते.

नव्याने_चालतो
भीतीने काही होत नाही, मन बदलावं लागतं. मी एकही गोळी घेतली नाही.

धुकं
तुम्हाला लागली नाही म्हणून कुणालाच लागत नाही असं नाही. हे औषध १९४८ पासून दारूसाठी माहीत आहे, कोपनहेगनच्या संशोधकांनी स्वतःवर घेऊन पाहिलं होतं.

रात्रपाळी_परिचारिका
डायसल्फिरम स्वतःच्या मनाने कुणीही घेऊ नये. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास जावे लागतात, आणि गोळी थांबवल्यावरही १४ दिवसांपर्यंत त्रास होऊ शकतो. यकृत, हृदय तपासल्याशिवाय नाही. ऑफिसच्या दृष्टीने एक: अल्कोहोलवालं माउथवॉश आणि हातावरचं सॅनिटायझरसुद्धा काहींना बाधतं. ओढ कमी करणारं नालट्रेक्सोनही आहे, पण अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर ते चालत नाही. कुठलं, हे डॉक्टर ठरवतील.

उंचावरचा
क्रेन चालवतो. मी गप्प राहू शकलो नसतो, माझ्या हाताखाली माणसं उभी असतात. ज्यांच्या कामात दुसऱ्याचा जीव असतो त्यांनी "कुणाला सांगू" हा प्रश्नच करू नये. अमेरिकेत वैमानिकांसाठी १९७० च्या दशकापासून हिम्स नावाची योजना आहे. त्यात उपचार घ्यायचे, देखरेखीखाली राहायचं, मग परत विमान उडवायचं. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. मला सहा महिने गोदामात मोजदादीवर बसवलं, पगार कापला. आता पुन्हा वर आहे.

आणि वॉर्डातल्या शांत करणाऱ्या गोळ्या नंतर कामावरच्या नशेच्या तपासणीत दिसू शकतात. डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. मी फेकली होती, फार मनस्ताप झाला.

साधं_सरळ
वर म्हटलंच आहे, तरी सांगतो, घरी बंद करू नका. आणि तीन महिने घ्या.

खिडकीजवळची
त्यांच्याकडे १८ दिवस आहेत हो. पहिल्याच ओळींत लिहिलंय.

संध्याछाया
मी एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेच्या, मीटिंगला जाते, अकरावं वर्ष. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनला ती सुरू झाली तेव्हा दोघांपैकी एक शेअरबाजारातून उठलेला बिल विल्सन आणि दुसरा शल्यविशारद डॉ. बॉब. १० जून हा बॉबचा शेवटचा प्याला, त्या दिवशी त्याला शस्त्रक्रिया करायची होती. म्हणजे नोकरी आणि हाताची थरथर हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे. निनावी राहायची सोयही त्यासाठीच. तुम्ही कुणाला सांगायचं हे तुम्हीच ठरवायचं, इथल्या कुणी नाही.

परतण्याचा दिवस मात्र जपून निवडा. सोमवारी जाऊ नका. गुरुवारी जा, म्हणजे दोन दिवसांत सुट्टी लागते. झोप कित्येक आठवडे मोडकीच राहते. त्या काळात राजीनामा, बदली, भांडण, काही नको. आणि पहिल्या पार्टीला घरी जायची वेळ आधीच जाहीर करून ठेवा.

कोरा_कागद
सगळ्यांचं वाचलं. परिचारिकाताई, घरीच बंद करायचा बेत खरंच होता. शनिवार ठरला होता. रद्द केला.

कोरा_कागद (२७ दिवसांनंतर)
आलो परत. आठ दिवस वॉर्डात, बाकीचे समुपदेशनात. अर्जावर ताईंचंच वाक्य लिहिलं, साहेबांनी "बरे आहात ना" एवढंच विचारलं. गुरुवारचं जमलं नाही, महिनाअखेर होती, सोमवारीच गेलो आणि दुपारी तीनला डोकं चालेनासं झालं. एचआरला सांगितलं नाही, साहेबांना नाही, विभागाला नाही.

ज्याने माझी फाइल निस्तरली त्याला सांगितलं. बऱ्याचदा आम्ही सोबतच प्यायचो, त्यामुळे तुम्ही सगळे नको म्हणाल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ती फाइल तू प्यायल्याने चुकली हे मला त्याच रात्री कळलं होतं. मंगळ-शुक्र समुपदेशकाकडे जायला मी सहाला निघतो. त्या दोन दिवशी माझा शेवटचा रिपोर्ट तो तपासतो, बाकीचे दिवस त्याचा मी.

धुकं
गोळी कुठली दिली?